हिरव्या दिव्यामागचं भूत

जुनी इमारत आणि नवी इमारत यांना जोडणाऱ्या बोळात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. परिचारिका, वॉर्डबॉय, धुलाईखात्यातल्या बायका, सलाइनचा स्टँड ढकलत आलेले रुग्ण, इतकंच काय, भाताचा डबा हातात धरलेला लेखापाल. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. भिंतीतल्या लोखंडी कपाटाचं दार सताड उघडं होतं. आत आमच्या रुग्णालयाच्या संगणकांना जोडणारा स्विच, त्याच्यावर ओळीनं लुकलुकणारे हिरवे दिवे, आणि यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून डोक्यावर ठेवलेलं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. कपाटासमोर पिवळा झगा घातलेले, भुतं उतरवणारे वेई महाराज. एका हातात पीचच्या लाकडाची तलवार, दुसऱ्या हातात उदबत्त्यांचा जुडगा, आणि कानात बिनतारी इअरफोन.

"सर्व्हर म्हणजे यांग!" महाराज गरजले. "वायर म्हणजे यिन! आणि दोघांमधून वाहतो तो डेटाप्राण! या बोळात एका म्हाताऱ्याचा श्वास अडकलाय. तो तुमचा डेटाप्राण गिळतोय. मी तैपेईपासून काओशुंगपर्यंत, अख्ख्या तैवानात संगणकांची मोठमोठी जाळी शांत केली, पण इतकं खादाड भूत नाही पाहिलं!"

गर्दीतून सुस्कारा उमटला. म्हातारा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. फान काका, आमचे पहारेकरी. भुतांच्या महिन्यात, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे गावात फिरतात असं आमच्याकडे मानतात त्या महिन्यात, याच बोळात ते कोसळले आणि गेले. त्यानंतर काही दिवसांतच जुन्या इमारतीत काढलेले एक्स-रे नव्या इमारतीत पोचेनासे झाले. सगळेच नाही. काही संगणकांवरून झटकन यायचे, काहींवरून मेलं तरी यायचे नाहीत. मी नव्या इमारतीत बसून ते एक्स-रे वाचणारा डॉक्टर. माझं नाव त्सेंग.

महाराजांचा विधी ठरलेला होता. आधी जुन्या इमारतीतली सगळी यंत्रं बंद करायची. मग मंत्र, घंटा, धूर. मग महाराज तलवारीनं खूण करतील त्या क्रमानं एकेक यंत्र चालू करायचं. ज्याच्यावर नव्या इमारतीतलं चित्र उमटलं ते शुद्ध. ज्याच्यावर नाही उमटलं, त्याच्यासमोर बसणारा माणूस बाधित.

त्या दिवशी गेले कित्येक दिवस मुके असलेले संगणक भराभर बोलू लागले. लोक टाळ्या पिटत होते. एक म्हातारी आजी तर हात जोडून डोळे पुसत होती. आणि मग एक्स-रे खोलीतला संगणक चालू झाला. पडदा कोरा. गोल चकती फिरतेय, फिरतेय, फिरतेच आहे.

"इथे कोण बसतं?" महाराजांनी तलवार रोखली.

युए-श्या पुढे आली. गेली वीस-एक वर्षं आमच्याकडे एक्स-रे काढणारी, शांत स्वभावाची बाई. रडणाऱ्या पोरांना गाणी म्हणत फोटो काढायची.

"जन्माचं वर्ष?"

"वाघाचं," ती म्हणाली.

बोळात एकदम कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं, आणि त्यातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला नवरीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, बाळंतिणीकडे फिरकू देत नाहीत. ज्यांना हे कालपर्यंत हास्यास्पद वाटत होतं तेही चार पावलं मागे सरले.

"म्हातारा डुकराच्या वर्षातला. वाघ दिसला की भेदरतो, आणि भेदरला की दात रोवतो," महाराज म्हणाले. "बाईंना काही काळ दूर ठेवा. बाकी मी बघतो."

संचालक येन यांनी मान डोलावली. त्यांच्याकडे बघून मला चीड आली, आणि कीवही. महाराजांना बोलावलं होतं संचालकांच्या बायकोनं. पण त्याआधी यंत्रं बसवणारी कंपनी बुडाली होती, आणि आमचा संगणक सांभाळणारा कुओ रोज कपाट उघडून एकच सांगायचा, "साहेब, सगळे दिवे हिरवे आहेत हो! मी तरी काय करू?"

युए-श्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. तिच्या जागी दुसरी मुलगी बसली, आणि एक्स-रे खोलीतला संगणक चालूही झाला. कारण महाराजांनी जाता जाता सगळी यंत्रं पुन्हा एकदा बंद-चालू करायला लावली होती. लोकांना मात्र पुरावा मिळाला. वाघीण गेली, भूत शांत झालं!

भूत शांत झालं नव्हतं, जागा बदलून बसलं होतं. आता तातडीच्या विभागातल्या स्कॅनच्या संगणकानं दगा दिला. एका दुपारी बंदरावरून एका कोळ्याला आणलं. तोंड वाकडं झालेलं, डावा हात लुळा. स्कॅन झाला, फोन आला, "डॉक्टर, चित्र पाठवलंय, मेंदूत रक्तस्राव आहे का सांगा, गुठळी विरघळवायचं औषध हातात धरून उभे आहोत." मी पडद्याकडे बघतोय. काही नाही. पुन्हा पाठवा म्हणालो. काही नाही. शेवटी मी उठलो आणि पळत सुटलो. जिना, बोळ, पुन्हा जिना. बोळात महाराजांनी मांडलेल्या फळांच्या ताटाला लाथ लागली, संत्री गडगडत गेली, मी थांबलो नाही. त्यांच्याच पडद्यावर डोकं खुपसून चित्र पाहिलं. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. "द्या औषध!" मी ओरडलो.

कोळी वाचला. पण मला त्यानंतर स्वस्थ बसवेना. खुर्चीत बसलो की पाय हलत राहायचे. पुढचा माणूस येईल तेव्हा मी घरी असलो तर? जेवायला गेलेलो असलो तर?

महाराजांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "इमारतीत अजून एक वाघ लपलाय." झालं. लोक एकमेकांच्या जन्माची वर्षं विचारू लागले. एका परिचारिकेनं आपलं वय लपवलं म्हणून दुसरीनं तिच्याशी बोलणं टाकलं. आणि या सगळ्यात स्वयंपाकघरातली आ-लान मुकाट्यानं भांडी घासत होती. आ-लान म्हणजे फान काकांची मुलगी. तिच्या बापाला उठता-बसता खादाड भूत म्हणत होते, आणि तिला त्याच लोकांच्या ताटात वाढायचं होतं. एकदा पेज घेताना मी तिला विचारलं, "कशी आहेस?"

"डॉक्टर, बाबांनी आयुष्यात दुसऱ्याच्या ताटातला घास घेतला नाही," एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात लो बाई आल्या. त्या आमच्या गावच्या तंत्रशाळेत संगणकांची जाळी कशी बांधायची ते शिकवायच्या. स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडून घेतलं होतं. तातडीच्या विभागातच एक्स-रे काढला, पण तो माझ्याकडे आला नाही म्हणून मी पुन्हा पळत जुन्या इमारतीत गेलो, तर या बाई मोडका हात छातीशी धरून, खुर्चीवरून उठून यंत्राच्या पाठीमागे डोकावत होत्या.

"बाई, बसा! हाड सरकेल!"

"सरकू दे. तुमच्या मुली म्हणतात इथे भूत आहे. कोणाकोणाला धरतं?"

"वाघाच्या वर्षी जन्मलेल्यांना. निदान महाराज तरी तसं म्हणतात."

"आणि शेजारच्या यंत्राला?"

"नाही. शेजारचं नीट चालतं."

"एकदा धरलं की धरूनच ठेवतं? की मधूनच सोडतं?"

मी विचार केला. "धरूनच ठेवतं. सगळी यंत्रं बंद करून चालू केली की मग दुसरीकडे जातं."

बाईंचे डोळे चमकले. दुखत होतं तरी हसल्या. "वा! फार शिस्तीचं भूत आहे. चला, मला फिरवा."

त्यांच्या हाताला प्लास्टर घातलं आणि आम्ही निघालो. बाईंना एका जागी उभं राहवतच नव्हतं. त्या पुढे, मी मागे, कुओ त्याच्या मागे. या टेबलावरून त्या टेबलावर. प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक क्रमांक मिळालेला असतो, तो त्या मला पडद्यावर उघडायला लावत होत्या. बंद पडलेल्या यंत्राचा शेवटचा आकडा सत्तेचाळीस. दुसऱ्याचा एकावन्न. तिसऱ्याचा पस्तीस. चालणाऱ्यांचे चव्वेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस.

"चारनं भागा," बाई चालता चालता म्हणाल्या.

मी भागलं. सत्तेचाळीसला बाकी तीन. एकावन्नला तीन. पस्तीसला तीन. माझ्या अंगावर काटा आला, पण भुतामुळे नाही.

"कुओ, दोन इमारतींच्या मध्ये वायरी किती?"

"चार, बाई. एका वायरीवर भार पडायचा म्हणून कंपनीनं चारही एकत्र बांधून एकच मोठी वाट केली. लिंक अ‍ॅग्रीगेशन म्हणतात."

"आणि वाहतूक चार वायरींत वाटायची कशी, ते स्विच ठरवतो. यंत्राच्या क्रमांकावरून. एकदा ठरलं की त्या यंत्राचं सगळं त्याच वायरीतून जाणार. बरोबर?"

कुओ जागच्या जागी थबकला. "म्हणजे एक वायर मेलीय? पण बाई, चारही दिवे हिरवे आहेत! मी रोज बघतो."

"दिवा काय सांगतो? वायरीचं हे टोक शेजारच्या डब्याला नीट जोडलंय, एवढंच. पलीकडे काय झालं ते दिव्याला कुठे ठाऊक?"

मी त्याच क्षणी कपाट उघडायला निघालो होतो. बाईंनी मला अडवलं. "आता गुपचूप दुरुस्त केलं तर लोक म्हणतील महाराजांचा मंत्र फळला. ते पुन्हा कधी येणार आहेत?"

"उद्या सकाळी. मोठी शांत आहे."

"तोवर एकही पेशंट अडता कामा नये," बाई म्हणाल्या. कुओनं लगेच तातडीच्या विभागातल्या सगळ्या यंत्रांना बाकी तीन न उरणारे क्रमांक दिले. मी पहिल्यांदाच थोडा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी बोळ पुन्हा तुडुंब. संचालक, त्यांच्या पत्नी, सगळे. मी युए-श्याला मुद्दाम बोलावलं होतं. ती दाराजवळ एकटी उभी, तिच्याभोवती मोकळी जागा. महाराजांनी घंटा उचलली तेवढ्यात लो बाई गळ्यात अडकवलेला हात सांभाळत पुढे घुसल्या.

"महाराज, एक शंका. आज भूत कोणाला धरणार ते आधी सांगाल का?"

"भूत सांगून धरतं का, बाई?" महाराज हसले. गर्दीही हसली.

"मी सांगते ना. संचालकसाहेब, तुम्ही बोला. भुतानं आज कोणाला धरावं?"

येन गोंधळले. मग जरा चिडूनच म्हणाले, "मला धरू दे! मी कोंबड्याच्या वर्षातला. बघू कसं धरतं."

त्यांचा संगणक चाकाच्या टेबलावर बोळात आणून ठेवला होता. बाईंचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी त्यांचा हात झालो. "शेवटचा आकडा त्रेसष्ट टाका," त्या म्हणाल्या. मी टाकला. पडद्यावरची छातीची छायाचित्रं गेली. चकती फिरू लागली.

"आता चौसष्ट."

चित्र परत आलं.

"महाराज, आता तुमचा लॅपटॉप. ज्यात तुम्ही पत्रिका बघता. तो सकाळपासून इथल्याच जाळ्याला जोडलाय, नाही का?"

महाराज नको नको म्हणेपर्यंत कुओनं क्रमांक बदललाही होता. लॅपटॉपवर नव्या इमारतीतलं एक साधं पान उघडायला सांगितलं. चकती. फिरतेय, फिरतेय.

"अगं बाई, महाराजांनाच धरलं!" धुलाईखात्यातली एक बाई किंचाळली आणि बोळभर हशा पिकला.

महाराज मुरलेले होते. क्षणभर गडबडले, आणि मग त्यांनी सरळ तलवार खाली ठेवली, लो बाईंपुढे कमरेत वाकले. "पाहिलंत? भूत हिच्या आज्ञेत आहे! ही माझ्याहून मोठी साधक आहे!"

आणि मला जे बघायचं नव्हतं तेच झालं. ती म्हातारी आजी पुढे आली आणि तिनं बाईंपुढे हात जोडले. तिच्या मागे दुसरी. कोणीतरी उदबत्ती पेटवली. आम्ही एक महाराज घालवायला आलो होतो आणि दुसरा तयार करून बसलो होतो.

"खबरदार कोणी पाया पडलं तर!" बाई अशा ओरडल्या की उदबत्तीवाल्याच्या हातून उदबत्ती पडली. "मी काही करत नाहीये. भागाकार करतेय! चारनं भागता येतं का कोणाला? इथे ये कोणीतरी. तू ये."

बोट होतं आ-लानकडे. ती ओल्या हातांनीच पुढे आली.

"कुठलाही आकडा धर. चारनं भाग. बाकी तीन उरली तर यंत्र बंद पडणार, नाहीतर चालणार. आधी तोंडानं सांग, मग डॉक्टर टाकतील."

"बहात्तर," आ-लान म्हणाली. ओठ हलले. "बाकी शून्य. चालेल."

चाललं.

"पंचाहत्तर. बाकी... तीन. बंद पडेल."

पडलं. आता गर्दीतून लोकच आकडे ओरडू लागले. लेखापालानं ओरडून सांगितलं, सत्त्याऐंशी! सगळ्यांनी मिळून भागलं, "बंद!" आणि ते बंद पडलं. उदबत्त्या कोणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत.

"यात वाघ कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "म्हातारा कुठे आहे? एक वाईट वायर आहे, आणि तिच्या वाट्याला गेलेले आकडे आहेत. महाराज सगळी यंत्रं बंद करून चालू करायला लावायचे, तेव्हा क्रमांक नव्यानं वाटले जायचे. जुने सुटायचे, नवे सापडायचे. सुटले की महाराजांचा प्रताप. सापडले की वाघ."

"यांचं पूर्वी लुओतुंगला संगणक दुरुस्तीचं दुकान होतं," कुओ मागून म्हणाला. "बंद करून चालू करा, हे तिथेही सांगायचे. तेव्हा झगा नव्हता एवढंच."

"आणि तुमची वायर कुठाय?" महाराजांनी शेवटचा डाव टाकला. "चारही दिवे हिरवे आहेत. दाखवा मेलेली!"

बाकी शून्य म्हणजे पहिली वायर, बाकी तीन म्हणजे चौथी, म्हणून बाईंनी कुओला चौथी वायर उपटायला सांगितली. त्यानं उपटली. मी सत्त्याऐंशीवर अडकलेल्या पडद्याकडे बघत होतो. चकती तशीच फिरत राहिली. महाराजांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"दुसरं टोक!" बाई ओरडल्या. "पलीकडचा स्विच अजून त्याच वायरीत माल टाकतोय. डॉक्टर, पळा!"

पळायची मला आता सवयच झाली होती. नव्या इमारतीतलं कपाट उघडलं, चौथी वायर ओढली, आणि बोळातून तिथपर्यंत आरोळी ऐकू आली. परत आलो तर सत्त्याऐंशी चालू होता. त्रेसष्ट टाकून पाहिला, तोही चालू. महाराजांचा लॅपटॉपसुद्धा चालू होता. चाराच्या तीन वायरी केल्या आणि सगळं सुरळीत झालं.

मग आम्ही त्या वायरीचा माग काढला. बोळाच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा डबा होता. त्या दोन डब्यांच्या मधून, उजेडावर निरोप नेणारी काचेची बारीक तार भिंतीतून जात होती, आणि भुतांच्या महिन्यात कंदील टांगायला जी लोखंडी पट्टी ठोकली होती, तिचा स्क्रू नेमका तारेच्या आरपार गेला होता. डबे धडधाकट, त्यामुळे दोन्ही टोकांचे दिवे हिरवे. मधली तार तुटलेली.

"हे आधी का नाही कळलं?" संचालकांनी विचारलं.

"कारण या चार वायरी कायमच्या बांधून टाकल्यात. कोणी कोणाची विचारपूस करत नाही," बाई म्हणाल्या. "एलएसीपी नावाची पद्धत आहे. तिच्यात दोन्ही स्विच प्रत्येक वायरीतून एकमेकांना सारखं विचारत राहतात, आहेस का? उत्तर आलं नाही की ती वायर बाजूला काढतात. कुओ, बस. आधी लांबचा स्विच बदल, मग हा. उलटं केलंस तर लांबच्यापर्यंत पोचताच येणार नाही, आपणच बाहेर अडकू."

कुओनं घाम पुसत पुसत बदल केले. मध्ये काही क्षण सगळंच बंद पडलं आणि बोळातल्या प्रत्येकानं श्वास रोखला. मग तिन्ही वायरी एकेक करून गटात आल्या.

"आता तुटकी वायर परत लावा," बाई म्हणाल्या.

कोणी हात लावेना. आ-लान पुढे झाली. तिनं वायर उचलली, खाचेत बसवली. मी पलीकडचं टोक लावून आलो. दिवा हिरवा झाला. पण स्विचच्या पानावर त्या वायरीसमोर लिहून आलं, गटात नाही. आकडे ओरडले गेले, बाकी तीन उरणारेही. एकही यंत्र अडलं नाही. महाराज या गडबडीत कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही. तलवार मात्र विसरून गेले.

संचालक येन युए-श्यापाशी गेले. सगळ्यांसमोर वाकले. "उद्यापासून कामावर या. चूक आमची झाली."

"येईन," ती म्हणाली. "पण माझ्याआधी हिची माफी मागा." तिनं आ-लानचा हात धरला. "मला तर घरी बसवलंत. हिच्या बापाला मेल्यावर चोर ठरवलंत, आणि ही तुम्हाला जेवायला वाढत होती."

मग येन आ-लानपुढेही वाकले. त्यांच्या मागून लेखापाल, परिचारिका, एकेक करून सगळे.

कुरकुऱ्यांचं पाकीट यंत्रावर ठेवायला माझी हरकत नाही. मीही ठेवतो, मजा येते. पण ते ठेवून वायर तपासायचं सोडून देऊ नका. आणि कोणी येऊन म्हणाला की तुमच्या दुःखाचं कारण अमुक माणूस आहे, त्याचं जन्मवर्ष आहे, त्याचा मेलेला बाप आहे, तर रागावू नका, घाबरूही नका. त्याला एकच विचारा, पुढचा कोण ते आधी सांगशील का? घडून गेल्यावर कारण लावणं कोणालाही जमतं. आधी सांगता आलं तर ऐका, तपासा, पुन्हा तपासा. नाही सांगता आलं, तर त्याच्या एका शब्दावर कोणाच्या पोटावर पाय देऊ नका.

त्या संध्याकाळी कुओनं भिंतीतली तुटकी तार काढली, तेव्हा आ-लाननं तिचा एक तुकडा मागून घेतला. कशाला, म्हणून मी विचारलं.

"बाबांच्या तसबिरीसमोर ठेवणार," ती म्हणाली. "त्यांना दाखवते, काय होतं ते."